एकतिसाव्या नंबरची टीम

३ जानेवारी २०१९ च्या सकाळी एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा गुणतक्ता उघडला, तर ३१ संघांत सगळ्यात खाली नाव होतं सेंट लुईस ब्लूजचं. ३७ सामने, १५ विजय, ३४ गुण. त्याच वर्षी १२ जूनला याच संघाने बॉस्टनमध्ये जाऊन स्टॅन्ली कप उचलला. अमेरिकेतल्या पेपरांनी याला चमत्कार म्हटलं आणि गावानेही ते आनंदाने मान्य केलं. मी त्या गावात राहतो, तो सगळा हंगाम मी पाहिला, आणि मला हे चमत्कार प्रकरण काही पटत नाही. चमत्कार म्हटला की कारणं शोधायला कुणी जात नाही. इथे कारणं होती. त्यातली बरीचशी डिसेंबरातच डोळ्यांसमोर होती, फक्त गुणतक्त्यात ती दिसत नव्हती.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन्ही बाजूंना गोलकीपर धरून सहा-सहा खेळाडू, रबराची जाड चकती म्हणजे ‘पक’, वीस-वीस मिनिटांचे तीन पीरियड. स्केट्सवर पूर्ण वेगाने धावणं इतकं दमवतं की पाऊण मिनिटात खेळाडू बाहेर येतो आणि दुसरा कठड्यावरून उडी मारून आत जातो, तेही खेळ न थांबता. त्या हंगामात प्रत्येक संघाचे ८२ सामने. जिंकलात तर २ गुण, जादा वेळेत हरलात तरी १. वरचे १६ संघ प्लेऑफला जातात आणि तिथे प्रत्येक फेरी सात सामन्यांची. आधी चार जिंकेल तो पुढे. अशा चार फेऱ्या, म्हणजे कपासाठी १६ विजय. एप्रिलमध्ये सुरू होणारी ही मारामारी जूनपर्यंत चालते, आणि ‘मारामारी’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही.

सेंट लुईस हे मिसिसिपीकाठचं बेसबॉलचं गाव. ब्लूज इथे आले १९६७ साली, जेव्हा लीगने सहाचे बारा संघ केले. नवे सहाही संघ एकाच गटात घातले होते, त्यामुळे त्यांतला एक अंतिम फेरीत जाणारच होता. पहिली तिन्ही वर्षं तो मान ब्लूजला मिळाला आणि तिन्ही वर्षं समोरच्या जुन्या संघाने त्यांना ४-० ने धुतलं. अंतिम फेरीचे बारा सामने, बाराही पराभव. त्यांतला शेवटचा, १० मे १९७० चा, एका छायाचित्रामुळे अजरामर झाला आहे : बॉस्टनचा बॉबी ऑर विजयी गोल करून हवेत आडवा तरंगतो आहे. हॉकीतलं सगळ्यात प्रसिद्ध छायाचित्र हेच असावं. त्यात ज्याच्या जाळ्यात पक गेला तो गोलकीपर आणि ज्याने ऑरला पाडलं तो बचावपटू, दोघेही आमचे. बॉस्टनने स्टेडियमबाहेर त्या क्षणाचा पुतळाही उभारला आहे.

त्यानंतर ४९ वर्षं अंतिम फेरीचं दर्शन नाही. संघ वाईट होता म्हणावं, तर तसंही नाही. मध्ये सलग २५ वर्षं तो प्लेऑफला पोहोचला. फक्त पुढे काही व्हायचं नाही. १९८३ मध्ये तर मालक कंपनी संघ विकून कॅनडातल्या सॅस्कटूनला धाडायला निघाली होती. लीगने नकार दिला, कंपनीने अंग काढून घेतलं, आणि त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, ब्लूजच्या वतीने एकही नाव घेतलं गेलं नाही. २०१६ मध्ये फुटबॉलचे रॅम्स गाव सोडून लॉस एंजेलिसला गेले. अशा गावातला चाहता आशा जरा जपूनच खर्च करतो.

२०१८ च्या उन्हाळ्यात मात्र आशा वाढली होती. बफेलोहून रायन ओ’रायली आला. तिथे हरून हरून आपलं खेळावरचं प्रेमच उडत चाललं होतं, असं त्यानेच पत्रकारांना सांगितलं होतं. टायलर बोझॅक आला, डेव्हिड पेरॉन पुन्हा एकदा परतला, आणि पॅट मरून हा इथलाच गाववाला आपल्या मुलाजवळ राहता यावं म्हणून एका वर्षाच्या करारावर घरी आला. कागदावर संघ भक्कम होता. बर्फावर उतरल्यावर काहीच जमेना. १९ नोव्हेंबरला घरच्या मैदानावर हरल्यावर त्याच रात्री कोच माइक यो यांना काढलं, आणि क्रेग बेरूबे यांच्याकडे हंगामी म्हणून सूत्रं दिली. बेरूबे खेळाडू म्हणून हजाराच्या वर सामने खेळलेले, त्यांतला बराच वेळ दंड भोगत कोंडवाड्यात बसलेले, चेहऱ्यावरची रेषही न हलणारे गृहस्थ. त्यांच्या पदामागचा ‘हंगामी’ हा शब्द कप जिंकेपर्यंत गेला नाही.

डिसेंबरात सरावाच्या वेळी आपल्याच संघातले दोघं, झॅक सॅनफोर्ड आणि रॉबर्ट बोर्तुझो, एकमेकांवर तुटून पडले आणि त्याचा व्हिडिओ गावभर फिरला. मॅनेजर डग आर्मस्ट्राँग आता कर्णधार पिएत्रांजेलो आणि स्टार खेळाडू तारासेंको यांनाही विकून मोकळे होणार, अशी चर्चा रोज रेडिओवर. या लीगमध्ये तळाला असण्याचं बक्षीसही असतं. ड्राफ्टमध्ये पहिली निवड कुणाची हे सोडतीने ठरतं आणि त्या वर्षी तळाच्या संघाला १८.५ टक्के संधी होती. जॅक ह्यूज नावाचा पोरगा पहिला उचलला जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे निम्मं गाव हरण्याची प्रार्थना करत होतं. माझी मुलगीसुद्धा. “बाबा, आता जिंकून मध्येच कुठेतरी लटकण्यापेक्षा हरलेलंच बरं,” हे तिचं गणित. चुकीचं नव्हतं ते.

पण दुसरं एक गणित होतं. हॉकीत गोल फार थोडे होतात आणि गोलकीपरवर फटके फार येतात, साधारण तीस दर सामन्याला. शंभरातले ८९ अडवणारा गोलकीपर तीस फटक्यांत ३.३ गोल खातो. ९२.७ अडवणारा खातो २.२. शंभरात चारांचाही फरक नाही, पण दर सामन्याला एक पूर्ण गोल. आणि या लीगमध्ये कित्येक सामने एका गोलाने ठरतात. बाकीचे खेळाडू तेच, कोच तोच, डावपेच तेच ठेवून नुसता गोलकीपर बदलला तर तळाचा संघ मधल्या घरात जातो आणि मधला वर. ब्लूजचं त्या शरदातलं दुखणं हेच होतं. बेरूबेंनी सूत्रं घेतल्यावर बचाव हळूहळू घट्ट होत होता, समोरच्याच्या हद्दीत घुसून त्याला कठड्याशी दाबून ठेवायची जुनी दणकट पद्धत परत येत होती. मात्र नेहमीचा गोलकीपर जेक अ‍ॅलन हरवल्यासारखा खेळत होता, आणि त्याच्या जोडीला आणलेला चॅड जॉन्सन इतका अपयशी ठरला की डिसेंबरातच त्याला दुसऱ्या संघाने उचललं तरी चालेल म्हणून सोडून दिलं. शिवाय ३७ सामने म्हणजे बाकीच्या बऱ्याच संघांपेक्षा कमी. तक्त्यातलं शेवटचं स्थान खरं होतं, पण ते संघाच्या लायकीबद्दल खोटं सांगत होतं.

जागा रिकामी झाली म्हणून वर आला जॉर्डन बिनिंग्टन. वय २५, ड्राफ्टमध्ये निवड झाली त्याला साडेसात वर्षं होऊन गेलेली, हंगाम सुरू होताना संघाच्या गोलकीपरांच्या रांगेत चौथा. ७ जानेवारीला फिलाडेल्फियात तो पहिल्यांदा सुरुवातीपासून उभा राहिला आणि संघ ३-० ने जिंकला. आदल्या दिवशी काही खेळाडू तिथल्या एका बारमध्ये फुटबॉल सामना बघत बसले होते. मध्येच कुणीतरी लॉरा ब्रॅनिगनचं १९८२ चं ‘ग्लोरिया’ लावायला सांगितलं आणि सगळा बार नाचायला लागला. खेळाडूंनी तेच गाणं विजयगीत म्हणून उचललं. पुढे ते सुपरमार्केटात, शाळेच्या बसमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये सगळीकडे वाजलं. चमत्काराची कथा सांगणारे इथूनच सुरुवात करतात. मला गाणं आवडतं. पण त्या दोन दिवसांत फिलाडेल्फियात दोन गोष्टी एकत्र आल्या, आणि त्यांतली गाणं ही कमी महत्त्वाची होती.

बिनिंग्टन त्या हंगामात २४ सामने जिंकला, हरला ५, एक जादा वेळेत. अडवण्याचं प्रमाण ९२.७ टक्के. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापलीकडे संघाने सलग ११ सामने जिंकले. तू घाबरलास का, असं एका पत्रकाराने त्याला विचारलं, तर त्याने थंडपणे उलट विचारलं, मी घाबरल्यासारखा दिसतो का? दुकानांत लगेच त्या वाक्याचे टी-शर्ट आले. हंगाम संपला तेव्हा ९९ गुण होते, म्हणजे ३ जानेवारीनंतरच्या ४५ सामन्यांत ६५. हा वेग कुठल्याही अव्वल संघाला शोभणारा आहे. मार्चमध्येच हे दिसत होतं, पण तेव्हाही लोक ‘नशीब’ म्हणत होते.

प्लेऑफची पहिली फेरी, विनिपेगविरुद्धची, सहा सामन्यांत आटोपली. दुसरीत डॅलस. सातवा सामना घरी, ७ मे रोजी, १-१, जादा वेळेतही निकाल नाही, मग आणखी जादा वेळ. डॅलसचा गोलकीपर बेन बिशप हाही सेंट लुईसमध्येच वाढलेला, आणि त्या रात्री त्याने ५२ फटके अडवले. समोर गाववाला, आपल्या गोलकीपरला मात्र फारसं काम नाही, पण एक चूक झाली तर सगळं संपलं. शेवटी रॉबर्ट थॉमसचा फटका खांबावर आदळून बिशपच्या पाठीला लागून खाली पडला आणि पॅट मरूनने तो आत ढकलला. घरी राहता यावं म्हणून आलेल्या माणसाने घरच्याच माणसाला हरवलं. त्या रात्री अनोळखी माणसं रस्त्यात मिठ्या मारत होती, हे मी इतरत्र फक्त मुंबईत विश्वचषकाच्या वेळी पाहिलं आहे.

तिसऱ्या फेरीत सॅन होजेविरुद्धचा तिसरा सामना तर उघडउघड लुटला गेला. त्यांच्या टिमो मायरने हाताने पक पुढे ढकलला, ते नियमाविरुद्ध, आणि त्यावरून जादा वेळेत गोल झाला. पंचांना दिसलं नाही, आणि रिप्ले पाहून निर्णय बदलायची त्या प्रसंगाला सोय नव्हती. डिसेंबरातला संघ असता तर तिथेच ढासळला असता. या संघाने पुढचे तिन्ही सामने जिंकले. बेरूबेंनी खेळाडूंना या विषयावर बोलूच दिलं नाही म्हणतात. बाहेर आम्ही चाहते मात्र आठवडाभर बोलत होतो, तेवढा आमचा हक्क आहे.

अंतिम फेरीत समोर बॉस्टन, तोच १९७० चा. पहिला सामना गेला. दुसऱ्याच्या जादा वेळेआधी बचावपटू कार्ल गुनरसन प्रसाधनगृहात कोचना म्हणाला, मला आणखी एक संधी हवी, आणि बाहेर येऊन खरोखर त्यानेच विजयी गोल केला. ब्लूजचा अंतिम फेरीतला हा पहिलावहिला विजय, तेरा पराभवांनंतरचा. तिसरा घरी ७-२ ने हरलो. चौथा, पाचवा जिंकलो. पाचव्यात बोझॅकने त्यांच्या खेळाडूच्या पायात पाय घातलेला पंचांनी पाहिला नाही आणि पुढच्याच क्षणांत आमचा गोल झाला, त्यावर बॉस्टनवाले अजून चिडून आहेत. चिडू देत. टिमो मायरचा हात आम्हीही विसरलेलो नाही. सहाव्या सामन्याला गावात कप आणून ठेवला होता, मिरवणुकीची तयारी झाली होती, आणि ५-१ ने हरलो.

म्हणून सातवा बॉस्टनमध्ये, त्या पुतळ्याच्या गावात. इकडे सेंट लुईसमध्ये हॉकीचं स्टेडियम आणि बेसबॉलचं स्टेडियम, दोन्हीकडे मोठे पडदे लावले होते. मी हा सामना आजही दाखवून सांगतो की चमत्कार म्हणणाऱ्यांनी पहिला पीरियड नीट बघावा. बॉस्टनचे १२ फटके, आमचे फक्त ४. खेळ सगळा आमच्याच जाळ्यासमोर चाललेला. बिनिंग्टनने बाराच्या बारा अडवले. आमच्या चारांतले दोन आत गेले : ओ’रायलीने वाटेत स्टिक लावून पहिला वळवला, आणि पीरियड संपायला आठ सेकंद असताना पिएत्रांजेलोने दुसरा मारला. २-०. तिसऱ्या पीरियडमध्ये बॉस्टनच्या नॉर्डस्ट्रॉमला अगदी जवळून मोकळी संधी मिळाली, बिनिंग्टनने पाय लांबवून ती अडवली, आणि थोड्याच वेळात ब्रेडन शेनने ३-० केले. चौथा गोल झॅक सॅनफोर्डचा, डिसेंबरात आपल्याच सोबत्याशी मारामारी करणाऱ्याचा. निकाल ४-१. फटक्यांचा हिशेब बॉस्टन ३३, सेंट लुईस २०. प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी ओ’रायलीला मिळाली, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण तो अंतिम फेरीच्या शेवटच्या चारही सामन्यांत गोल करत होता. पण मत विचारलं असतं तर मी गोलकीपरला दिलं असतं.

लास वेगासमध्ये एका माणसाने जानेवारीत या संघावर ४०० डॉलर लावले होते, २५० ला एक या भावाने. त्याला एक लाख मिळाले. तो भाव गुणतक्ता बघून ठरवलेला होता.

आणि बिनिंग्टनबद्दल एक राहिलं. २०१७-१८ मध्ये ब्लूजकडे राखीव खेळाडूंना खेळवायला स्वतःचा असा दुय्यम संघच नव्हता. त्याला आणखी खालच्या लीगमध्ये जायला सांगितलं, तो नाही म्हणाला. मग त्याला दुसऱ्याच्या दुय्यम संघाला उसना दिला, प्रॉव्हिडन्सच्या. तो संघ बॉस्टनचा. तो पूर्ण हंगाम बिनिंग्टन त्यांच्यासाठी चांगला खेळला, आणि हंगाम संपल्यावर करारानुसार त्यांनी त्याला सेंट लुईसला परत पाठवून दिलं.