तांबड्या समुद्रातली ढाल

भवानीनगर म्हटले की छत्रपती सहकारी साखर कारखाना आणि उसाच्या गाड्यांची रांग आठवते. पण त्याच हंगामात, जानेवारी ते एप्रिल, इंदापूर तालुक्यातल्या बागांतून निर्यातीची द्राक्षेही निघतात. न्हावा शेवा बंदरातून कंटेनर सुटतो. भारतीय द्राक्षांचा युरोपातला सर्वांत मोठा खरेदीदार नेदरलँड्स असल्याने त्याचा मुक्काम बहुधा रॉटरडॅमला असतो.

2024 च्या हंगामात हा प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला. नोव्हेंबर 2023 पासून येमेनमधील हुती बंडखोर तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले करत होते. बहुतेक मोठ्या जहाज कंपन्यांनी सुवेझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घातला. भाडे वाढले, आणि नाशवंत मालाची धाकधूकही. मी या विषयाचा पदवीधर नाही. युरोपच्या परराष्ट्र धोरणाचा अभ्यास मी या वळशापासून सुरू केला.

युरोपीय संघाच्या करारातील एकविसावे कलम परराष्ट्र धोरणाची तत्त्वे सांगते : लोकशाही, कायद्याचे राज्य, मानवी हक्क. आपली मूल्ये, हितसंबंध आणि सुरक्षा यांचे रक्षण हे उद्दिष्टही त्याच कलमात आहे. कागदावर दोन्ही शेजारी नांदतात. कसोटी समुद्रावर लागते.

जानेवारी 2024 मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने येमेनवर बाँबहल्ले सुरू केले. फ्रान्स, इटली, स्पेन त्यांपासून दूर राहिले. 19 फेब्रुवारीला युरोपीय संघाने स्वतःची नौदल मोहीम उघडली. तिचे नाव ‘आस्पिदेस’, म्हणजे ग्रीक भाषेत ढाली. जहाजांना सोबत करायची, अंगावर आलेले क्षेपणास्त्र पाडायचे, पण येमेनच्या भूमीवर हल्ला करायचा नाही, अशी तिची मर्यादा. ही भूमिका तत्त्वाला धरून होती. मात्र मोहिमेकडे युद्धनौका मोजक्याच होत्या.

मार्च 2025 मध्ये अमेरिकी नेत्यांचे खासगी संदेश फुटले. सुवेझमधून अमेरिकेचा 3 टक्के व्यापार जातो आणि युरोपचा 40 टक्के, असा त्यांतला दावा होता. मग युरोपची सुटका पुन्हा आपणच का करायची, अशी उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांची तक्रार त्यांत होती. मे महिन्यात ओमानच्या मध्यस्थीने अमेरिकेने हुतींशी आपल्यापुरता समझोता केला. जुलैमध्ये ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही दोन जहाजे हुतींनी बुडवली. दोन्ही ग्रीक कंपन्यांची होती.

त्याआधी जूनमध्ये, रॉटरडॅमपासून जवळच असलेल्या हेगमध्ये, नाटो देशांनी 2035 पर्यंत संरक्षण व संबंधित बाबींवर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 5 टक्के खर्चाचे उद्दिष्ट स्वीकारले. जुलैअखेर युरोपने अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या बहुतेक मालावर 15 टक्के आयातशुल्कही मान्य केले. युक्रेनचे युद्ध चालू असताना अमेरिकेला दुखावणे युरोपला परवडणारे नव्हते. राखणदार दुसऱ्याचा असला की वाड्यातले नियमही त्याला विचारून ठरतात.

मग युरोपची मूल्ये म्हणजे ढोंग? बागाईतदार तसे म्हणणार नाही. 2010 मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली. फटका जबर होता, पण अंश तपासणीची शिस्त त्यातून अधिक पक्की झाली. आपल्या बाजारपेठेच्या दारात युरोप नियम पाळायला लावू शकतो, कारण ते दार त्याचे आहे. बाब-एल-मांदेबचे दार त्याचे नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये युरोपने भारताशी संबंध वाढवण्याचा नवा आराखडा मांडला. रशियन तेल आणि रशियाबरोबरचे लष्करी सराव यांवर त्याच वेळी बोटही ठेवले. युरोप स्वतः तेव्हा रशियाचा द्रवरूप वायू घेतच होता. या उपदेशाने चिडण्यापेक्षा त्यामागची निकड ओळखावी. अमेरिकेने 2025 मध्ये लावलेल्या 50 टक्के शुल्काने आपल्यालाही दुसरा ग्राहक शोधायला लावले. युरोपशी व्यापाराच्या चर्चेत शुल्काइतकेच समुद्री मार्गाच्या रक्षणावरही बोलणे व्हायला हवे. पुढच्या जानेवारीत इंदापूरचा कंटेनर पुन्हा त्याच पाण्याकडे निघणार आहे.