होडीने घडविलेली लाट

हवाई बेटांतील लोक समुद्राच्या लाटेवर फळी टाकून उभे राहतात, ही चित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. परंतु ज्याच्या घरापासून समुद्र हजार मैल दूर, त्याने लाट कोठून आणावी? अमेरिकेतील मिनेसोटा राज्याची स्थिती अशीच आहे. ‘दहा हजार सरोवरांची भूमी’ अशी या राज्याची ख्याती. पाणी विपुल, पण ते बहुतांशी शांत. येथील पेपिन सरोवरावर 1922 साली राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या तरुणाने आठ फुटी लाकडी फळ्यांची टोके आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून वाकविली आणि होडीच्या दोराला धरून तो पाण्यावर घसरत गेला. जलस्कीचा जन्म हा असा झाला. वेक-सर्फिंग हा त्याच कुळातील अलीकडचा खेळ होय. फरक इतकाच, की यात खेळाडू अखेरीस दोर सोडून देतो आणि केवळ होडीमागे उठणाऱ्या लाटेच्या उतारावर पुढे जात राहतो.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले-नातवंडे आज त्या देशात आहेत. उन्हाळ्यात तेथे गेलेल्या आजी-आजोबांनाही अशा होडीत बसण्याचा आग्रह होतो. म्हणून या खेळाचे मर्म जाणून घेणे अप्रस्तुत ठरणार नाही.

चालत्या नौकेमागे पाण्यावर जी पाचराच्या आकाराची रेघ उमटते, तिचे गणित विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्व्हिन) यांनी 1887 मध्ये मांडले. खोल पाण्यात त्या पाचराची प्रत्येक बाजू मध्यरेषेशी सुमारे साडेएकोणीस अंशांचा कोन करते. मग पुढे बदक असो वा जहाज! लाटेची उंची मात्र वजनावर आणि वेगावर ठरते. होडी अगदी मंद असेल तर ती पाणी हळूच बाजूस सारते. फार वेगात असेल तर ती पाण्यावर तरंगत निघते. या दोहोंमधील अवस्थेत तिचे नाक वर उठते, मागचा भाग खोल बसतो आणि ती सर्वाधिक पाणी ढकलते. कोणताही शहाणा नावाडी ही अवस्था झटपट ओलांडतो. वेक-सर्फिंगवाला मुद्दाम तिच्यातच थांबतो. या खेळातील सारे कौशल्य, आणि त्यावरचे सारे तंटेही, येथूनच उद्भवतात.

वेग ताशी दहा ते बारा मैल, म्हणजे सोळा ते एकोणीस किलोमीटर राखावा लागतो. होडी जड करण्यासाठी तळातील टाक्यांत किंवा मोठ्या पिशव्यांत सरोवराचेच पाणी भरतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. असे हजार-दोन हजार किलो सहज भरले जाते. वजन मागे टाकले की लाट उंच होते, थोडे पुढे नेले की ती लांब होते. पूर्वी ज्या बाजूस खेळावयाचे त्या बाजूच्या मागील कोपऱ्यात भार टाकून होडी कलती करीत, आणि पाहुण्यांनाही त्याच बाजूस बसवीत. (पाहुण्यांच्या वजनाचा असा आदर अन्यत्र क्वचितच होत असेल.) 2013 च्या सुमारास होडीच्या मागील कडेला हलत्या झडपा बसविण्याची युक्ती आली. तिच्यामुळे एका बाजूचे पाणी किंचित उशिराने येऊन मिळते, आणि होडी सरळ राहूनही लाट सुबक होते. माणसे व सामान मिळून होडीने किती भार वाहावा याची पट्टी होडीवरच असते. तिच्याकडे दुर्लक्ष करणे घातक आहे.

होडीची निवड हा तर जीवनमरणाचा प्रश्न आहे. खेळाडू होडीपासून अवघ्या दहा-पंधरा फुटांवर असतो. ज्या होडीचा पंखा मागे उघडा असतो, तिच्यामागे हा खेळ कदापि खेळू नये. पंखा तळाखाली, पुष्कळ आत असावयास हवा. दुसरा शत्रू अदृश्य आहे. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, गंध नाही, आणि तो होडीच्या मागेच साचतो. इंजिन चालू असताना मागील लाकडी फलाटाला लोंबकळण्याच्या प्रकारात माणसे मृत्युमुखी पडली; कॅलिफोर्नियाने 2004 मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. म्हणून मुलांना त्या फलाटावर बसू देऊ नये.

आता फळीवरील माणूस. डावा पाय पुढे ठेवणारा डाव्या बाजूची लाट घेतो, उजवा पाय पुढे ठेवणारा उजवीकडची. म्हणजे तोंड लाटेकडे राहते. आरंभी पाण्यात उताणे पडून टाचा फळीवर टेकाव्यात, गुडघे पोटाशी घ्यावेत. होडी हळूच निघाली की फळी आपोआप पायांखाली उभी होते. नवशिका येथेच घाई करतो. तो हातांनी दोर ओढतो आणि तोंडघशी पडतो. होडीला आपणास उठवू द्यावे. उभे राहिल्यावर दोराच्या आधाराने लाटेच्या पोटात सरकावे, परंतु दोर हाताला कधीही गुंडाळू नये. पुढच्या पायावर भार दिला की गती वाढते, मागच्यावर दिला की फळी थबकते. नजर पायांकडे नव्हे, होडीकडे असावी. दोर सैल पडू लागला म्हणजे लाट आपणास वाहून नेत आहे असे समजावे. तरीही क्षणभर धीर धरावा, आणि मग दोर सोडावा. मागे पडू लागलो तर पुढच्या पायावर झुकावे. नवख्याचे मन मात्र नेमके उलट, मागे रेलावयास सांगते.

एवढी मोठी लाट खेळाडूला सोडून पुढे जाते कोठे? ती किनाऱ्यास जाते. मिनेसोटाचा राज्यपक्षी लून पाण्याच्या अगदी काठाशी घरटे करतो. शिवाय काठाची माती, धक्क्याला बांधलेल्या लहान होड्या, मासे धरीत बसलेली वृद्ध माणसे. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने 2022 मध्ये प्रत्यक्ष मापने प्रसिद्ध केली. सामान्य होडी 200 फुटांवरून जाताना तिच्या लाटा जितक्या क्षीण होऊन किनाऱ्यास पोचतात, तितके क्षीण होण्यास या लाटांना 500 फुटांहून अधिक अंतर लागते, असे तीत आढळले. व्हर्मांट राज्याने 2024 मध्ये नियमच केला: किनाऱ्यापासून 500 फूट दूर, पाणी किमान 20 फूट खोल, आणि असे सलग 50 एकर क्षेत्र असेल तरच हा खेळ खेळावा. पुष्कळ लहान सरोवरे त्यामुळे आपोआप वगळली गेली. होडीवाल्यांना हे जाचक वाटले. काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना ते अपुरे वाटले. आमचे मत विचाराल तर खोल पाण्याची अट खेळाडूच्याही हिताची आहे, कारण उथळ पाण्यात लाट मुळातच बिघडते.

टाक्यांतील पाण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. एका सरोवरात भरलेले पाणी दुसऱ्यात सोडले, तर त्याबरोबर झेब्रा शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिलेही जातात. मोठी होऊन ती पाण्याच्या नळांपासून होड्यांच्या तळांपर्यंत सर्वत्र चिकटतात. यास्तव घरी परतण्यापूर्वी काठावरच टाक्या पूर्ण रित्या कराव्यात, होडी धुऊन वाळवावी, आणि मगच ती गाडीला जोडावी.