आरोग्यनिरीक्षण, दूरस्थ

आरोग्यनिरीक्षण, दूरस्थ : रुग्णाने घरी घेतलेली रक्तदाब, रक्तशर्करा, वजन, रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण इ. मापने दूरच्या वैद्यास वा आप्तास नियमित कळवून प्रकृतीवर लक्ष ठेवण्याची पद्धती. यासाठी खास यंत्रणा आहेत. घरोघरी मात्र व्हॉट्सॲपसारखे समाजमाध्यमच हाताशी असते. मुलगा पुण्यास व वृद्ध आईवडील देवगाव फाटा (जि. परभणी) यासारख्या ठिकाणी, अशा कुटुंबात मापकाच्या पडद्याचे छायाचित्र हेच आरोग्यपत्रक ठरते.

कोव्हिड-१९ च्या साथीत (२०२०–२१) गृहविलगीकरणातील रुग्ण ऑक्सिमापकावरील आकडे याच मार्गाने कळवीत. त्या रोगात धाप जाणवण्यापूर्वीच ऑक्सिजन घटू शकतो; त्यामुळे ९४ टक्क्यांखालील नोंद ही धोक्याची सूचना मानली जाई. २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यकविषयक मार्गदर्शक सूचनांत व्हॉट्सॲप व फेसबुक मेसेंजर यांचाही सल्ल्याची साधने म्हणून उल्लेख आहे. ई-संजीवनी या शासकीय सेवेद्वारे एप्रिल २०२० पासून रुग्णास घरबसल्या वैद्याचा सल्ला मिळू लागला.

मापन सदोष असल्यास पुढचे सारे व्यर्थ होय. गार बोटे, नखरंग व क्षीण नाडी यांमुळे ऑक्सिमापक चुकतो. गडद त्वचेत तो प्रत्यक्षाहून अधिक आकडा दाखवू शकतो. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू वर्ज्य करावी, पाठ टेकून पाच मिनिटे स्वस्थ बसावे आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा. रुग्णालयात १४०/९० मिमी. पारा ही उच्च रक्तदाबाची रूढ मर्यादा, तर घरच्या मापनांच्या सरासरीस १३५/८५ ही धरतात. एकाच वाढलेल्या आकड्याने घाबरून जाणे चुकीचे. पण आकडा उतरला म्हणून परस्पर गोळी बंद करणे त्याहून घातक असते.

संदेश पोहोचला म्हणजे वाचला गेला असे नव्हे. छातीत कळ, एका अंगास लुळेपणा किंवा धाप लागल्यास उत्तराची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

व्हॉट्सॲपवरील संदेश २०१६ पासून सांकेतिक रूपात जातात, त्यामुळे ते वाटेत वाचता येत नाहीत. मात्र नात्यातल्या चाळीस जणांच्या गटात टाकलेला तपासणी-अहवाल पुढे कोठे जाईल, यावर रुग्णाचे नियंत्रण उरत नाही. मधुमेहाच्या नोंदीबाबत हे कदाचित चालून जाते. क्षयरोग, मनोविकार किंवा लग्नाच्या वयातील मुलीचा आजार यांबाबत त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.