नारळावरचा न्याय

मोर्शीला बँकेत होतो, तेव्हा एका मंडळाच्या कबड्डी स्पर्धेचा हिशेब मी तपासला. मांडव, भोंगे, ढाली, सगळ्यांची बिले होती. दिवसभर उन्हात शिट्टी फुंकून दोन्हीकडच्या शिव्या खाणाऱ्या पंचांपुढे मात्र ‘नारळ व चहा’! ‘पंचाने पैसे मागणे शोभत नाही,’ चिटणीस म्हणाले. मीही मान डोलावली.

२०१२ साली अमेरिकन फुटबॉलच्या ‘एनएफएल’ने पगार-पेन्शनच्या वादात नेहमीच्या पंचांनाच बाहेर ठेवले. २४ सप्टेंबरला सिएटलचा सामना बदली पंचांच्या वादग्रस्त निर्णयावर संपला; देशभर ओरड झाली आणि दोनच दिवसांत समझोता झाला.

रोखपालाचा प्रामाणिकपणा आपण पगार देऊन सांभाळतो. पंचाचा तेवढा नारळावर टिकावा, असे त्या दिवशी मला का वाटले?