लाटेआधीच घडलेला अपघात

जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथल्या फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रातल्या सहा भट्ट्यांपैकी तीन त्या वेळी चालू होत्या. धक्का जाणवताच नियंत्रक कांड्या आपोआप गाभ्यात सरकल्या आणि युरेनियमच्या विखंडनाची साखळी थांबली. बाहेरून येणारी वीज खंडित झाली, तशी डिझेल जनित्रे सुरू झाली. इथपर्यंत सगळे ठरल्याबरहुकूम झाले होते. तरीही पुढच्या काही दिवसांत तिन्ही भट्ट्यांचे गाभे वितळले.

याचे कारण असे, की भट्टी बंद केली तरी तिची उष्णता बंद होत नाही. युरेनियमचा अणू फुटून जे तुकडे उरतात, ते स्वतः किरणोत्सारी असतात. त्यांचा क्षय होत राहतो आणि त्यातून उष्णता निघत राहते. कोणतेही बटण दाबून ती थांबवता येत नाही. बंद झाल्याच्या क्षणी ती भट्टीच्या पूर्ण औष्णिक क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, तर काही तासांनी एक टक्क्याच्या आसपास येते. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीची औष्णिक क्षमता १३८० मेगावॉट होती. तिचा एक टक्का म्हणजे जवळपास १४ मेगावॉट. एवढी उष्णता दर सेकंदाला पाच लिटरच्या आसपास पाण्याची वाफ करते. म्हणून बंद भट्टीलाही अखंड पाणी लागते, आणि ते पाणी फिरवायला वीज लागते.

भूकंपानंतर सुमारे ५० मिनिटांनी त्सुनामी आली. पहिल्या चार भट्ट्यांची जमीन समुद्रसपाटीपासून १० मीटर उंचीवर होती. पाणी १४-१५ मीटरपर्यंत चढले. डिझेल जनित्रांपैकी बहुतेक तळघरांत होती, ती बुडाली. समुद्राचे पाणी खेचणारे पंप आणि विजेचे फलकही निकामी झाले. नियंत्रण कक्षात अंधार पडला. भट्टीतली पाण्याची पातळी दाखवणारे काटेही बंद पडले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी मोटारगाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि त्या जोडून उपकरणे वाचण्याची धडपड केली.

पाणी आटत गेले तशा इंधनकांड्या उघड्या पडल्या. त्यांचे आवरण झिर्कोनियमच्या मिश्रधातूचे असते. सुमारे १२०० अंश सेल्सिअसच्या पुढे हा धातू वाफेशी झपाट्याने अभिक्रिया करतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. तोच इमारतींच्या छताखाली साठला आणि १२, १४ व १५ मार्चला स्फोट झाले. ते स्फोट अणुबॉम्बसारखे नव्हते, हायड्रोजनचे होते.

पाचव्या आणि सहाव्या भट्टीचे काय झाले, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. त्या तपासणीसाठी आधीच बंद होत्या, पण इंधनाची उष्णता तिथेही होतीच. सहाव्या भट्टीचे हवेने थंड होणारे एक जनित्र वरच्या बाजूला होते. ते बुडाले नाही. त्या एका जनित्राने दोन्ही भट्ट्या तारल्या.

म्हणूनच सारा दोष समुद्राच्या माथी मारता येत नाही. केंद्र उभारताना तिथला सुमारे ३५ मीटर उंचीचा कडा कापून जमीन १० मीटरवर आणली गेली. इसवी सन ८६९ मध्ये याच किनाऱ्यावर मोठी त्सुनामी आली होती, हे इतिहासातून आणि वाळूच्या थरांतून ठाऊक होते. खुद्द केंद्र चालवणाऱ्या टेपको कंपनीच्या २००८ मधल्या अंतर्गत गणितात १५.७ मीटरची लाट निघाली होती. तरी जनित्रे तळघरातच राहिली. जपानी संसदेच्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये ही आपत्ती मानवनिर्मित ठरवली.

तसे होणे अटळ नव्हते, याचा पुरावा त्याच किनाऱ्यावर आहे. ओनागावाचे अणुवीज केंद्र भूकंपाच्या केंद्रबिंदूला अधिक जवळ होते आणि लाटही सुमारे १३ मीटरची आली. पण ते केंद्र उभारणाऱ्या कंपनीतले अभियंते यानोसुके हिराई यांनी ८६९ च्या लाटेचे भान ठेवून जास्त उंचीचा आग्रह धरला होता. केंद्र १४.८ मीटरवर बांधले गेले आणि वाचले. घरे गमावलेल्या आसपासच्या गावकऱ्यांनी पुढे तिथेच आसरा घेतला.

फुकुशिमाभोवतीच्या दीड लाखाहून अधिक लोकांना मात्र घरे सोडावी लागली. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीला रहिवाशांमध्ये थेट किरणोत्सारामुळे झालेले आरोग्याचे दुष्परिणाम आढळले नाहीत. जीव घेतले ते प्रामुख्याने विस्थापनाने. रुग्णांची घाईघाईची हलवाहलव, निवारा केंद्रांतले हाल, तुटलेले उपचार आणि खचलेली मने यांतून फुकुशिमा प्रांतात २३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. तिथे भूकंप व त्सुनामीने थेट घेतलेल्या बळींपेक्षा हा आकडा मोठा आहे. वातावरणात गेलेल्या आयोडीन-१३१ चे प्रमाण दर आठ दिवसांनी निम्मे होते. सीझियम-१३७ ला त्यासाठी ३० वर्षे लागतात. वितळून गोठलेला सुमारे ८८० टन मलबा आजही भट्ट्यांच्या तळाशी आहे. त्यातला पहिला नमुना २०२४ च्या नोव्हेंबरात यंत्राच्या लांब हाताने बाहेर काढला, तो एक ग्रॅमही भरला नाही.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या, आणि फुकुशिमासारख्याच उकळत्या पाण्याच्या तंत्राच्या. २००४ च्या त्सुनामीत कल्पक्कमच्या अणुवीज केंद्राच्या पंपघरात पाणी शिरले होते, पण तिथली चालू भट्टी सुरक्षितपणे बंद झाली. फुकुशिमानंतर आपल्या सर्व केंद्रांची फेरतपासणीही झाली. जैतापूरचा अणुवीज प्रकल्प तर अजून उभा राहायचा आहे. तेव्हा अणुऊर्जेच्या बाजूचे असा वा विरोधातले, तीन प्रश्न विचारत राहा: राखीव जनित्रे किती उंचीवर आहेत? बाहेरची वीज गेली तर भट्टी किती तास थंड ठेवता येईल? आणि गावे रिकामी करायची वेळ आलीच, तर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना कोण, कुठे आणि कशातून नेणार? या प्रश्नांची उत्तरे लाट येण्यापूर्वी कागदावर आणि जमिनीवर तयार असली पाहिजेत. ती मागणे हा किनाऱ्यावरच्या प्रत्येक माणसाचा हक्क आहे.