नुंगमबाक्कमचे तारे आणि शंभराचं पाचवं मूळ

चेन्नईच्या नुंगमबाक्कम भागात हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की तमिळनाडूचे डोळे याच पत्त्याकडे लागतात. या आवारात ग्रॅनाइटचा एक जुना खांब उभा आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ साली इथं वेधशाळा बांधली, तेव्हा तिची दुर्बीण या खांबावर बसवलेली होती.

नॉर्मन पॉगसन हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ १८६१ साली या वेधशाळेचा प्रमुख म्हणून आला आणि १८९१ साली मृत्यू येईपर्यंत मद्रासमध्येच राहिला. आल्याच वर्षी १७ एप्रिलला त्याला एक लघुग्रह सापडला. आशिया खंडातून शोधला गेलेला तो पहिला लघुग्रह, म्हणून त्याचं नाव ‘एशिया’. याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ साली दक्षिण आकाशातल्या एका ताऱ्याचं तेज कमीजास्त होत असल्याचं दाखवून दिलं. पॉगसनची मुलगी आयसिस हीसुद्धा सहायक म्हणून इथं काम करत होती. असं बरंच काही या वेधशाळेच्या खात्यावर जमा आहे. जगभरच्या खगोलशास्त्रात पॉगसनचं नाव टिकलं ते मात्र एका संख्येमुळे. ती संख्या २.५१२.

घातांक, मूळ आणि लॉग या शाळेतल्या तीन धास्तीच्या प्रकरणांचं सार या एका संख्येत आहे.

नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांच्या सहा प्रती करण्याची रीत प्राचीन ग्रीकांची. सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. एकोणिसाव्या शतकात मोजमाप सुधारलं, तसं लक्षात आलं की पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याहून साधारण शंभरपट तेजस्वी असतो. मद्रासला येण्याआधी, ऑक्सफर्डमध्ये असताना, १८५६ साली पॉगसनने सुचवलं की ही शंभरपट पक्की धरावी आणि पाच प्रतींत सारखी वाटावी. सारखी वाटायची म्हणजे प्रत्येक प्रतीला वीस-वीस द्यायचे नाहीत. एका प्रतीवरून दुसरीवर जाताना दर वेळी त्याच संख्येने गुणायचं, आणि असं पाचदा गुणल्यावर नेमके शंभर यायला हवेत. म्हणजे जिचा पाचवा घात १०० आहे, अशी संख्या हवी. तीच शंभराचं पाचवं मूळ.

आता हे पाचवं मूळ काढायचं कसं? वर्गमूळाची भागाकारासारखी रीत पूर्वी शाळेत शिकवत. पाचव्या मुळासाठी हाताने करण्याजोगी सोपी रीत नाही. लॉगच्या कोष्टकाने मात्र ते दोन ओळींत निघतं. १००चा लॉग २, कारण १०चा दुसरा घात १००. त्याला ५ने भागलं की ०.४. आता कोष्टकात उलटं बघायचं, की ०.४ हा लॉग कोणाचा? उत्तर २.५१२. पॉगसनने हीच संख्या पसंत केली त्यामागे ०.४ या आटोपशीर लॉगची सोयही होती. त्या काळी वेधशाळेतली सगळी आकडेमोड कोष्टकांवर चाले. रोज रात्री उपयोगी पडणारा आकडा सोपा असणं ही चैन नव्हती, गरज होती.

महाराष्ट्रात आठवीच्या पुस्तकात ‘घातांक व घनमूळ’ येतं, नववीत करणी येतात, अकरावीच्या शास्त्र शाखेत लॉग. तीन इयत्ता, नियमांच्या तीन याद्या आणि तीन वेगवेगळी पाठांतरं. खरं तर गोष्ट एकच आहे. १०चा दुसरा घात १००, या एका वाक्यात तीन संख्या आहेत. त्यांतली १०० झाकली तर तो घाताचा प्रश्न होतो, की १०चा दुसरा घात किती? १० झाकली तर मुळाचा, की कोणत्या संख्येचा दुसरा घात १००? आणि २ झाकली तर लॉगचा, की १०चा कितवा घात १००? हे एवढं आठवीतच सांगून टाकलं तर अकरावीतल्या मुलाला लॉग हा अचानक दारात आलेला परका पाहुणा वाटणार नाही.

नियमही ताऱ्यांवर तपासून पाहता येतात. दोन प्रती खाली उतरलं की तेज २.५१२ × २.५१२ म्हणजे सुमारे ६.३ पटींनी घटतं. पुढे आणखी तीन प्रती उतरलं की आणखी सुमारे १५.८५ पटींनी. या दोहोंचा गुणाकार १००. प्रतींची बेरीज झाली, तेजाचा गुणाकार झाला. पाया एकच असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज होते, हा नियम तो हाच. २चा तिसरा घात गुणिले २चा चौथा घात म्हणजे सात दुवे ओळीने गुणलेले, म्हणून २चा सातवा घात. तिथं बारावा घात लिहिणाऱ्या मुलाने दुवे मोजलेले नसतात, नियम मात्र पाठ केलेला असतो.

शून्य घातांकाचंही तसंच. एकाच प्रतीच्या दोन ताऱ्यांत फरक शून्य, तेज सारखं, म्हणजे पट १. म्हणून शून्याखेरीज कोणत्याही संख्येचा शून्यावा घात १. ऋण घातांक म्हणजे उलट दिशा. पाच प्रती मंद असलेल्या ताऱ्याचं तेज एक शंभरांश. आणि अपूर्णांक? अडीच प्रतींचा फरक म्हणजे पाच प्रतींच्या निम्मी वाट, आणि ही निम्मी वाट दोनदा चालली की १०० व्हायला हवेत. म्हणजे पट १०, शंभराचं वर्गमूळ. निम्मा घातांक म्हणजे वर्गमूळ, हे यापेक्षा सरळ क्वचितच दिसतं.

पहिल्या प्रतीहूनही बरेच ठळक तारे मोजताना ही पट्टी शून्याच्या खाली जाते. व्याधाची प्रत उणे १.४६ आणि अगस्त्याची उणे ०.७४. अगस्त्य मुंबईपेक्षा चेन्नईच्या आकाशात अधिक वर चढतो, त्यामुळे तिथं हे दोन्ही तारे एका नजरेत ताडून पाहणं सोपं. फरक ०.७२, त्याला ०.४ने गुणलं की ०.२८८. २चा लॉग ०.३०१०. म्हणजे व्याध अगस्त्याच्या दुपटीला जरासा कमी. सूर्याची प्रत उणे २६.७, पौर्णिमेच्या चंद्राची उणे १२.७. फरक १४, लॉग ५.६. त्यातल्या ५चा अर्थ एक लाख आणि ०.६चा अर्थ जवळजवळ ४. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे, हे एवढ्या तोंडी हिशेबात कळतं.

वेधशाळेचं काम १८९९ साली कोडाईकनालला गेलं. त्यानंतर काही वर्षांतच मद्रास शहरात मुळांशी आणि लॉगशी खेळणारा आणखी एक माणूस आला. श्रीनिवास रामानुजन १ मार्च १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकून म्हणून रुजू झाले. त्याच्या आधल्या वर्षी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी एक कोडं दिलं होतं. ही संस्था १९०७ साली निघाली आणि तिचं ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होतं, म्हणजे मराठी वाचकाला ती अगदीच परकी नाही. कोडं असं: १ अधिक २ गुणिले, १ अधिक ३ गुणिले, १ अधिक ४ गुणिले, असं अखंड पुढे जाणारं, आणि प्रत्येक ‘गुणिले’नंतर नवं वर्गमूळ, आधीच्या मुळाच्या पोटात शिरलेलं. सगळं बाहेरूनही एका वर्गमूळात. किंमत किती? सहा महिने कोणाचंही उत्तर आलं नाही.

उत्तर ३. किल्ली आठवीच्या बीजगणितात आहे. ३ म्हणजे √९ आणि ९ म्हणजे १ + २ × ४. त्यातला ४ म्हणजे √१६ आणि १६ म्हणजे १ + ३ × ५. पुन्हा ५ म्हणजे √२५ आणि २५ म्हणजे १ + ४ × ६. असं उलगडत राहिलं की कोडं आपोआप लिहिलं जातं. या अनंत मांडणीला काटेकोर सिद्धता लागते हे खरं, पण रस्ता हाच. इथं एक सावधगिरी मात्र हवी. मुळाखालची बेरीज फोडता येत नाही. ९ + १६ = २५, त्याचं मूळ ५; पण √९ + √१६ म्हणजे ७. लॉगच्या आतली बेरीजही अशीच फुटत नाही. मूळ गुणाकाराशी मिळतंजुळतं घेतं, लॉग गुणाकाराची बेरीज करतो, पण आतल्या बेरजेपुढे दोघंही हतबल. मुलांच्या वह्यांतल्या लाल रेघांपैकी बऱ्याच या एकाच गैरसमजापोटी ओढल्या जातात.

केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना १९१३ साली मद्रासहून लिहिलेल्या पत्रव्यवहारात रामानुजननी आणखी एक सुंदर गोष्ट कळवली. केवळ २ आणि ३ यांच्या घातांच्या गुणाकारातून बनणाऱ्या संख्या घ्या: १, २, ३, ४, ६, ८, ९, १२ अशा. ५, ७ किंवा १० यांत येत नाहीत. दिलेल्या मर्यादेपर्यंत अशा संख्या किती? रामानुजनचं अंदाजाचं सूत्र असं, की मर्यादेच्या दुपटीचा लॉग आणि तिपटीचा लॉग यांचा गुणाकार करा आणि त्याला २ × लॉग २ × लॉग ३ ने भागा.

मर्यादा १०० धरू. २००चा लॉग २.३०१०, कारण १००चे २ आणि दोनाचे ०.३०१०. ३००चा लॉग तसाच २.४७७१. गुणाकार सुमारे ५.७०. भाजक २ × ०.३०१० × ०.४७७१ म्हणजे सुमारे ०.२८७२. भागाकार १९.८४. प्रत्यक्ष मोजल्या तर अशा संख्या भरतात २०.

हे जमतं कसं? २ आणि ३ यांच्या घातांचा गुणाकार लॉगमध्ये नेला की बेरीज होते. किती दोन आणि किती तीन घेतले, हे आलेखाच्या कागदावर ठिपक्यांनी मांडलं, की मर्यादेच्या आतले सगळे ठिपके एका त्रिकोणात बसतात. मग प्रश्न उरतो तो त्रिकोणातले ठिपके मोजण्याचा, आणि तो अंदाज त्रिकोणाच्या क्षेत्रफळावरून येतो. गुणाकाराच्या जंगलातला प्रश्न लॉगने असा सपाट कागदावर आणून ठेवला.

मर्यादा १,००० केली तर सूत्र ३९.९६ सांगतं आणि खरी मोजदाद ४० आहे. पुढचा १०,०००चा हिशेब वाचकांनी घरातल्या आठवी-नववीच्या मुलाबरोबर एका संध्याकाळी बसून करावा. लागणारे लॉग चारच: ४.३०१०, ४.४७७१, ०.३०१० आणि ०.४७७१. सूत्राचं उत्तर ६७.०४ येतं. मग मुलाला वहीत त्या संख्या एकेक करून लिहायला सांगा. त्या बरोबर ६७ आहेत.