बालवाडी बघायला जाल, तेव्हा बाईंकडे बघा

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आपल्या मंडळातल्या तरुण आईबाबांच्या गप्पा एकाच विषयावर येतात: "मग, कुठे घालणार?" दांडिया बाजारात भेटा नाहीतर कारेलीबागेत, प्रश्न तोच. यंदा तो आमच्या घरीही होता. मुलगी साडेतीन वर्षांची. घरी तिच्या तोंडाला खीळ नाही, पण परकं माणूस दिसलं की आईच्या ओढणीमागे. घरात मराठी, सोसायटीत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि आता पुढ्यात इंग्रजी. शाळेत गेल्यावर हिची बडबड वाढेल की बंद पडेल, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न होता. फी आणि रिक्षा त्यानंतर.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या धंद्यात डेमो सगळ्यांचाच छान असतो, खरी गोष्ट रोजच्या वापरात कळते. म्हणून चार बालवाड्यांत गेलो आणि प्रत्येक ठिकाणी एकच विनंती केली: घसरगुंडी, स्मार्ट बोर्ड, एसी नंतर दाखवा, आधी मला थोडा वेळ वर्गात मागे बसू द्या. एका ठिकाणी चक्क नकार मिळाला, तीन ठिकाणी बसायला मिळालं. तिथे जे पाहिलं आणि त्या निमित्ताने जे वाचलं, ते इथे मांडतो. तुमच्या घरात दोन-चार वर्षांचं मूल असेल तर उपयोगी पडेल.

ही वाट जुनीच आहे

लहान मुलांना खेळातून शिकवायचं, हे कुठल्या परदेशी ब्रँडने परवा शोधलेलं नाही. आपल्या गुजरातेतच भावनगरला गिजुभाई बधेका या वकिलाने वकिली सोडून १९२० साली दक्षिणामूर्तीचं बालमंदिर सुरू केलं. माँटेसोरीबाईंची साधनं त्यांनी घेतली, पण त्यांना आपल्याकडच्या गोष्टी, गाणी, नाटकं आणि मातीकाम यांची जोड दिली. त्यांच्या कामात सामील झालेल्या ताराबाई मोडक मराठी होत्या. या दोघांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि नंतर ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वस्तीतली मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना तिथली. महागडी साधनं नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली.

हे सांगायचं कारण एवढंच, की चांगल्या बालवाडीला पैसा लागतोच असं नाही. लागतात त्या तयारीच्या बाई.

सकाळचा पहिला अर्धा तास

बालवाडी बघायची तर मुलं आत येतात त्या वेळी बघा. एका ठिकाणी दारात मावशी उभ्या होत्या. रडणाऱ्या मुलाला त्या उचलून आत नेत आणि दार बंद करत. दुसऱ्या ठिकाणी स्वतः बेन दारात गुडघ्यावर बसलेल्या. प्रत्येक मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवरून, नावाने बोलत होत्या. एक मुलगा आईला सोडेना. बेननी त्याच्या आईला सांगितलं, "गुपचूप जाऊ नका. जाते म्हणून सांगा, कधी येणार तेही सांगा." घड्याळ न कळणाऱ्या मुलाला 'बारा वाजता' याचा अर्थ नसतो. म्हणून आई म्हणाली, "डबा खाऊन झाला, गाणं झालं, की मी येते." मुलगा रडला, पण पाच-सात मिनिटांनी ठोकळ्यांकडे सरकला. नव्या मुलांच्या पालकांना तिथे पहिले काही दिवस वर्गात बसू देतात आणि रोज थोडा थोडा वेळ कमी करत नेतात.

भिंतीवर चित्रांचं वेळापत्रक होतं: गोल करून बसलेली मुलं, खेळ, डबा, अंगण, गोष्ट, घर. आता काय आणि नंतर काय, हे वाचता न येणाऱ्या मुलालाही तिथे कळत होतं. दंगा कमी असायचं निम्मं कारण मला त्या सहा चित्रांत सापडलं.

आधी हात, मग पेन्सिल

आमच्या बाबांचं म्हणणं वेगळं होतं. समोरच्यांचा नातू चार वर्षांचा आहे आणि शंभरपर्यंत अंक लिहितो. "आपली मागे पडेल," हे ते जेवताना रोज म्हणत.

याचं उत्तर मनगटात आहे. मनगटातली आठ छोटी हाडं जन्माच्या वेळी कूर्चेची असतात. ती एकेक करत पक्की होतात आणि हे काम वयाच्या दहा-बारा वर्षांपर्यंत चालतं. शिवाय बोटांच्या बारीक स्नायूंना ताकद यायला वेळ लागतो. म्हणून जाणत्या बाई तीन वर्षांच्या मुलाच्या हातात रेघांची वही देत नाहीत. माती मळणं, कागद फाडून चिकटवणं, मणी ओवणं, चिमट्याने राजमा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकणं, ओल्या फडक्याने पाटी पुसणं, ही सगळी लिहिण्याचीच पूर्वतयारी. बेनच्या वर्गात मुलं मटार सोलत होती. सोलता सोलता एका शेंगेत किती दाणे, कुठल्या शेंगेत जास्त, हेही चाललं होतं. गणिताचा तास कधी झाला ते कोणालाच कळलं नाही.

ज्या ठिकाणी मुलं ओळीने बसून 'ए' गिरवत होती, तिथे मला भरलेल्या वह्यांचा गठ्ठा अभिमानाने दाखवला गेला. आमच्या क्षेत्रात कोणी किती ओळींचा कोड लिहिला यावरून त्याचं काम मोजत नाहीत, कारण ओळी वाढवणं सोपं असतं. वहीच्या पानांचंही तसंच. पायाभूत स्तरासाठीचा २०२२ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही या वयात लेखी चाचण्या नकोत, मुलाचं निरीक्षण करून नोंदी ठेवा, असंच सांगतो. बेनकडे प्रत्येक मुलासाठी एका छोट्या वहीत दोन-दोन ओळी होत्या: 'आज स्वतः चप्पल घातली.' 'गोष्टीत पहिल्यांदा बोलला.'

आणि घाई कशाला? गुजरातेत २०२३-२४ पासून पहिलीत जायला १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात. हातात वेळ आहे.

प्रश्न विचारून थांबणं

अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या संशोधक बाईंनी प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकल्या. त्यांना दिसलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं, तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात.

हे वाचून मी वर्गात मनातल्या मनात सेकंद मोजले. एका शाळेत टीचर "व्हॉट कलर इज धिस?" विचारत आणि मुलांच्या आधी स्वतःच "रेड!" म्हणत. बेनचा प्रश्न होता, "ही बाहुली का रडत असेल?" त्यानंतर त्या नुसत्या बसल्या. चार-पाच सेकंद. एक मुलगी म्हणाली, "तिची आई नाही आली." दुसरा म्हणाला, "तिला शू झाली." यात चूक उत्तर कुठलंच नव्हतं, म्हणून भीतीही नव्हती.

चकली उडते तेव्हा

आता भाषेचं. आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात राहिलेल्या घरांना हा प्रश्न जास्त जवळचा आहे.

दोन्ही ठिकाणी आमच्या मुलीला तासभर वर्गात बसवलं होतं. योगायोग असा, की दोन्हीकडे पक्ष्यांची चित्रं निघाली. पहिल्या ठिकाणी ती चित्र बघून "चिऊताई!" म्हणाली. टीचर गोड आवाजात म्हणाल्या, "नो बेटा, से स्पॅरो." ती गप्प झाली आणि तासभर गप्पच राहिली. टीचर वाईट नव्हत्या, रागावल्याही नाहीत. पण पोरीला एवढं कळलं, की माझा शब्द इथे चालत नाही.

दुसऱ्या ठिकाणी बेन म्हणाल्या, "जुओ, चकली!" गुजरातीत चिमणीला चकली म्हणतात. आमची खदखदून हसली. "चकली तर आजी तळते!" बेनना मराठी फारसं येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून अर्थ विचारला आणि त्याही हसू लागल्या. मग सगळ्या मुलांना सांगितलं, की हिच्या घरी चकली खातात. एक मुलगा ओरडला, "आमच्याकडे ती चकरी!" मग बेननी विचारलं, चिमणीला कोणाच्या घरी काय म्हणतात? चकली, चिऊताई, चिडिया, स्पॅरो. चार नावं, चिमणी एकच. पुढचा अर्धा तास आमची मुलगी मराठी-गुजरातीची खिचडी करून अखंड बोलत होती.

घरची भाषा ही मुलाची पहिली पुंजी. ज्या बाई ती वर्गात चालू देतात, त्यांच्याकडून मूल दुसरी भाषाही आनंदाने उचलतं. आपल्या मुलांची बाई मराठीच असली पाहिजे असं नाही. तिला आपल्या मुलाचा शब्द ऐकून घ्यायची उत्सुकता हवी.

जाल तेव्हा एवढं बघा

- एका मोठ्या माणसामागे मुलं किती? मदतनीस आहे का?
- खेळणी मुलांच्या हाताला येतील अशी ठेवली आहेत, की कपाटात शोभेला?
- एका जागी बसवायचं काम किती वेळ चालतं? या वयाला दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ.
- दोन मुलं एका खेळण्यासाठी भांडली तर बाई काय करतात? खेळणं काढून घेतात, की दोघांचं ऐकून मार्ग काढायला लावतात?
- बाई "पळू नको" म्हणतात, की "हळू चाल" म्हणतात? लहान मुलाला काय करायचं ते सांगितलेलं लवकर कळतं.
- भिंतीवरची चित्रं मुलांनी काढलेली आहेत, की बाजारातून आणलेली?
- गोष्ट रोज सांगतात का? तीच गोष्ट पुन्हा मागितली तर सांगतात का?

आम्ही बेनच्या बालवाडीचा फॉर्म भरला. बावीस मुलं, बेन आणि एक मदतनीस. सोपा निर्णय नव्हता. तिथे पहिली नाही, म्हणजे सहाव्या वर्षी पुन्हा प्रवेशाची धावपळ. मोठ्या शाळेत आताच घातलं असतं तर बारावीपर्यंत निश्चिंती होती. बाबांना हे अजून पटलेलं नाही, ते अधूनमधून समोरच्यांच्या नातवाची प्रगती कळवत असतात. पण सध्या दुपारी तेच नातीबरोबर मटार सोलतात आणि दाणे मोजायला लावतात.

जाता जाता मंडळाला एक विनंती. आपल्याकडे निवृत्त शिक्षिका आहेत, गोष्टीवेल्हाळ आज्या आहेत. जवळच्या बालवाडीत किंवा अंगणवाडीत विचारून आठवड्यातून एक सकाळ त्या गोष्ट सांगायला गेल्या, मराठीत, हातवारे करून, तर? बेनना मी विचारलं आहे. त्या म्हणाल्या, "मंगळवारी चालेल. फक्त त्या आजींना सांगा, चकली नक्की आणा."